लेबर रूमबाहेरचा बाक

आमच्या नर्सेस संघटनेचा अंक काढणाऱ्या मंडळींनी फोन करून सांगितलं, "सिस्टर, तुम्ही खालपासून वरपर्यंत कशा चढत गेलात ते लिहा. नव्या मुलींना उपयोग होईल." आता इथंच पंचाईत झाली. मी वरपर्यंत चढलेच नाही. ए.एन.एम. म्हणून लागले, स्टाफ नर्स झाले आणि इन्चार्ज सिस्टर म्हणून रिटायर होऊन घरी बसले. मेट्रनच्या खुर्चीत बसले ती मेट्रनबाई रजेवर असतानाच, आणि तेव्हाही डोक्यावरचा पंखा बंद होता. तरीही लिही म्हणतात तर लिहिते. कुठं थांबले आणि का थांबले, हेही कुणीतरी सांगायला पाहिजे ना!

नर्स म्हणलं की लोकांना एकच बाई दिसते, पांढऱ्या साडीतली, हातात सुई घेतलेली. साडी सगळ्यांची पांढरीच, पण पायऱ्या वेगळ्या. दहावीनंतर दीड वर्षाचा कोर्स केला की ए.एन.एम. आमच्या वेळी असंच होतं. तिला उपकेंद्र मिळतं आणि आजूबाजूची गावं मिळतात. लस टोचा, गरोदर बाया तपासा, बाळंतपणं करा, टार्गेट पुरं झालं नाही म्हणून मीटिंगमध्ये बोलणी खा. पुढं फार तर एक बढती, दुसऱ्या नर्सबाईंवर देखरेख करायची, की रस्ता संपला. बारावीनंतर तीन-साडेतीन वर्षं शिकली ती जी.एन.एम. तिला दवाखान्यात वॉर्ड मिळतो, आणि पुढं वॉर्डची इन्चार्ज, मग सगळ्या दवाखान्याची मेट्रन असा रस्ता मोकळा असतो. तिच्याही वर बी.एस्सी. नर्सिंग, म्हणजे डिग्री. ती बारावीनंतर चार वर्षांची, किंवा जी.एन.एम. झाल्यावर आणखी दोन वर्षांची. डिग्रीवालीला नर्सिंगच्या शाळेत शिकवता येतं, प्रिन्सिपल होता येतं, आणि मनात आलं तर सौदीला जाता येतं. गावात हे कुणालाच ठाऊक नसतं. दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला की मात्र सगळ्यांना ठाऊक असतं.

माझं उपकेंद्र तेलगाव आणि माजलगावच्या मधल्या एका गावात होतं. सासर त्याच गावातलं, घरचं किराणा दुकान. दुकान मालकांच्या, म्हणजे आमच्या यजमानांच्या नावावर होतं, पण चालवायच्या आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि तोंड असं की साखरेत खडा निघाला म्हणून भांडायला आलेलं गिऱ्हाईक उलट खडीसाखर विकत घेऊन जायचं. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा नोकरीवाली सून म्हणून गल्लीतल्या बायांनी नाकं मुरडली, तर यांनी ओट्यावर उभं राहून सगळ्यांना ऐकवलं, "माझी सून सुई टोचती. कुणाला टोचून घ्यायचीय का?"

माझी मुलगी उमा तेव्हा नुकती बोलायला लागली होती. एके दिवशी दुपारी सोजर नावाची पहिलटकरीण अडली. तिच्या घरच्यांसोबत काळी-पिवळी जीप करून मी तिला माजलगावच्या दवाखान्यात नेलं. सगळ्या रस्त्यानं तिनं माझा हात असा धरला होता की माझ्या बांगड्या तिच्या तळहाताला रुतल्या. "नर्सबाई, हात सोडू नका," एवढंच ती म्हणत होती. मीही म्हणत होते, "नाही सोडत गं, मी आहे ना."

लेबर रूमच्या दारात स्टाफ सिस्टरनं विचारलं, "ए.एन.एम. ना तुम्ही? बाहेर बसा." तिनं सोजरचा हात माझ्या हातातून सोडवला आणि दार लावून घेतलं. तिचंही काही चुकलं नव्हतं. आत आधीच दोघी होत्या, आणि उपकेंद्राच्या बाईला आत घ्यायचं नाही अशी तिथली रीतच होती. दाराबाहेर लाकडी बाक होता, त्यावर सोजरच्या सासूशेजारी मी बसले. आतून सोजर हाका मारत होती, "नर्सबाई, ओ नर्सबाई!" सासूनं माझ्याकडं बघितलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "तुमाला बी घेत न्हाईत का ओ आत?"

सोजर सुखरूप सुटली, मुलगा झाला, पेढेही आले. पण त्या म्हातारीचा प्रश्न काही केल्या घशाखाली उतरेना. घरी आले आणि न जेवता बसले. आत्याबाई ज्वारी निवडत होत्या. काय झालं ते मी सांगितलं.

"भायेर कावून बसलीस?" त्या म्हणाल्या.

"आत घेत नाहीत आत्याबाई. त्यांचं शिक्षण जास्त आहे."

"मग तू घे की जास्त."

"इतकं सोपं आहे का? आधी बाहेरून बारावी द्यावी लागंल. मग तीन वर्षं होस्टेलात राहावं लागंल. उमाला कोण बघणार?"

"मी काय मेले का?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "मला कुणी म्हणलं न्हाई शिक म्हणून. मी तुला म्हणते. तर तुझी नाटकं!"

मालक दारात उभे राहून ऐकत होते. ते घाबरत घाबरत म्हणाले, "पण आई, लोक काय म्हणतील?" आत्याबाई म्हणाल्या, "लोक दुकानात येतील तवा मी इचारते त्यांना." विषय संपला.

बारावी मी काउंटरमागं बसून केली. एका मांडीवर पुस्तक आणि दुसरीवर उमा. गिऱ्हाईक आलं की आत्याबाई ओरडायच्या, "ती अभ्यासाला बसलीय, गूळ मी देते!" पास झाले. नोकरीतल्या ए.एन.एम.साठी जी.एन.एम.च्या थोड्या जागा ठेवलेल्या असायच्या, त्यात नंबर लागला. निघायच्या आधी आत्याबाईंनी मला आणि उमाला कपिलधारला नेलं, दर्शन घ्यायला लावलं आणि परत येताना एस.टी.त उमाला स्वतःच्या मांडीवर घेतलं. ती मांडी आता तिची होणार, हे मला तेव्हाच कळलं.

होस्टेलची तऱ्हा वेगळीच. तिथं वय बघत नाहीत, बॅच बघतात. सेकंड इयरची मुलगी आली की फर्स्ट इयरनं उठून उभं राहायचं आणि "गुड मॉर्निंग दीदी" म्हणायचं. मी एका लेकराची आई, गावोगाव बाळंतपणं करून आलेली, आणि विशीतसुद्धा न आलेल्या पोरींपुढं टुणकन उभी राहायची. एकीला तर माझीच दया आली. म्हणाली, "बसा हो ताई, मलाच कसंतरी होतं." माझ्या खोलीत सुनंदा नावाची बीडची मुलगी होती, बारावी होऊन सरळ आलेली. ती मला मावशी म्हणायची आणि माझ्याकडून डोक्याला तेल लावून घ्यायची. तिला सौदीला जायचं होतं. त्या वर्षांत सगळ्यांनाच कुठंतरी जायचं होतं. कोपऱ्याकोपऱ्यावर एस.टी.डी.चे बूथ झाले होते, बीडमध्ये खाजगी नर्सिंग होमं निघत होती, केबलवर रोज नवं काहीतरी दिसत होतं.

पहिलं वर्ष सगळं चादरी घालण्यात गेलं. चादरीचा कोपरा असाच दुमडला पाहिजे, उशीचं तोंड दाराकडं नको. आणि लेबर रूममध्ये फर्स्ट इयरला मनाई! मी ट्यूटरबाईंकडं जाऊन कुरकुरले, "मॅडम, मी इतक्या बाळंतपणांत हात घातलाय." त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हात घातलाय ते कळलं. आता डोकंही घाला, मग पाठवते." मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण पुढं त्यांनी गरोदर बाईच्या पायावरची सूज, लघवीतून जाणारं प्रोटीन, वाढतं ब्लडप्रेशर आणि झटके, हे सगळं एका सरळ दोरीत ओवून दाखवलं, तेव्हा मी वहीवर पेन ठेवून नुसतीच बसले. बायांचे सुजलेले पाय मी रोज बघत होते. मीठ कमी खा म्हणून सांगतही होते. पण ती सूज कुठून येते आणि कुठं नेते, ते मला आज कळत होतं. बढती, पगार या गोष्टी नंतरच्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की बाहेर बसवलं त्याला थोडंफार कारण होतं.

घरी कधीमधी जायला मिळायचं. एकदा रविवारी एस.टी.तून उतरून दुकानाकडं गेले तर उमा काउंटरवर पाय हलवत बसली होती. मला बघून तिनं आत हाक मारली, "आज्जी, नर्सबाई आल्या!" दुकानातली सगळी माणसं हसली. गाव मला ज्या नावानं हाक मारत होतं त्याच नावानं लेकरानं मारली, त्यात तिचं काय चुकलं? मीही हसले. मग आत जाऊन ज्वारीच्या पोत्यांमागं बसून रडून घेतलं.

आत्याबाईंनी सोडलं नाही. "आई म्हण!" उमा पाय हलवत राहिली. "म्हण की गं, तुझी आई हाय ती!" उमा त्यांच्या पदराआड गेली. मी म्हणलं, "राहू द्या, तुम्हालाच आई म्हणू द्या तिला. सगळं तुम्हीच करता." तशा आत्याबाई माझ्यावरच उखडल्या. "वा गं वा! मी आज्जी हाय. मला कवा आई म्हणली तर कान धरते मी तिचा. आई शिकायला गेलीय म्हणून सांगते. ती जागा तुझी हाय, तुलाच ठिवलीय." आणि खरंच त्यांनी ती ठेवली. आमच्या घरात बरीच वर्षं 'आई' म्हणून उमा कुणालाच हाक मारत नव्हती.

जी.एन.एम. झाले, आणि नशीब बघा, नेमणूक मिळाली ती माजलगावच्या त्याच दवाखान्यात. क्वार्टर मिळालं. आत्याबाई उमाला घेऊन माझ्याकडं राहायला आल्या, दुकान मालकांवर सोडून. मालक बाजाराच्या दिवशी यायचे आणि दर वेळी तक्रार करायचे की आई गेल्यापासून गिऱ्हाईक फारच मोकळेपणानं बोलायला लागलंय. उमा आता शाळेत जात होती. गुणी पोरगी, कशाचा हट्ट नाही. माझ्याशी 'तुम्ही' म्हणून बोलायची. "नर्सबाई, तुमचा डबा भरलाय." मला वाटायचं, एकदा तरी भांड गं माझ्याशी.

दवाखान्यात मात्र मी आता 'सिस्टर' झाले. एक साखर कारखान्यातले रिटायर म्हातारबाबा आठवतात. मोठ्या गावातल्या खाजगी दवाखान्यात राहून आले होते. सुई घेऊन गेले की विचारायचे, "तुमी कितवी शिकलात?" मी सांगितलं, जी.एन.एम. "त्याच्या वर काय हाय?" म्हणलं, डिग्री. "मग डिग्रीवाली बोलवा. आता काळ बदललाय, मानसानं चांगलं बघून घ्यावं." म्हणलं, बाबा, डिग्रीवाली शाळेत शिकवायला गेली, तुमच्या नशिबी मीच. डोळे गच्च मिटून त्यांनी सुई घेतली आणि म्हणाले, "बरं झालं गेली. हात हलका हाय तुमचा."

आमच्याकडं इन्चार्ज सिस्टरची जागा रिकामी पडली आणि जुनी म्हणून कारभार माझ्याकडं आला. पहिलं काम काय केलं असेल? लेबर रूममध्ये बाईच्या उशाशी एक स्टूल ठेवलं. गावाकडून बाईला घेऊन आलेली नर्सबाई हात धुऊन, गाऊन घालून त्या स्टूलावर बसणार, आणि बाई सुटेपर्यंत तिचा हात धरणार. डॉक्टर कुरकुरले, "सिस्टर, आधीच गर्दी." मी म्हणलं, "सर, बाई कमी ओरडते, तुमचंच काम सोपं होतं." दोन-चार वेळा बघितलं आणि मग ते काही बोलले नाहीत. पहिल्यांदा त्या स्टूलावर बसलेली तेलगावकडची नर्सबाई बाळ रडल्यावर स्वतःच रडायला लागली. मी तिला रागावले, म्हणलं, गाऊन ओला करू नको, एकच धुतलेला आहे. मग मीही तोंड फिरवलं.

आता डिग्रीचं सांगते. उमा सहावीत होती. मेट्रनबाईंनी बोलावून सांगितलं, "तुमचं नाव लागलंय. बी.एस्सी.ला, दोन वर्षं, मुंबई. परत आलात की ट्यूटर व्हाल. माझ्या वयाच्या होईपर्यंत कुठल्या कुठं जाल." सुनंदा तेव्हा आमच्याच दवाखान्यात होती, तिचंही नाव लागलं होतं. मला इतका आनंद झाला की चालत घरी आले ते कळलंच नाही. आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी ताबडतोब गूळ काढला, उमाच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "आई आणखी मोठी होनार!"

उमानं गूळ खाल्ला. मग ती आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं मी बघायला गेले तर तिनं कपाटातून आपले फ्रॉक काढून घड्या घालायला घेतल्या होत्या. पुस्तकं फळीवरून उतरवून पिशवीत भरत होती.

"काय करतेस गं?"

"गावाकडच्या शाळेत जावं लागंल ना. तुम्ही गेल्यावर आम्हाला क्वार्टरमध्ये कसं राहू देतील?" तोंडावर राग नाही, रुसवा नाही. माझ्याकडं बघून तिनं मलाच धीर दिला. "तुम्ही जा नर्सबाई. मला सवय आहे."

सहावीतली पोर. कुणी मला तोंडावर मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि पुस्तकं परत फळीवर लावली. "मी कुठं जात नाही," म्हणलं. तिनं विश्वास ठेवला असं दिसलं नाही. मी लावलेली पुस्तकं तिनं पुन्हा एकदा नीट केली आणि पिशवी मात्र खुंटीला हाताशीच अडकवून ठेवली.

मेट्रनबाईंना नकार कळवला. आत्याबाईंनी बोलणं टाकलं. जेवायला वाढायच्या, पण भांडी आपटून. एकदाच म्हणाल्या, "मी लेकरू सांभाळलं ते तू अर्ध्यात बसावी म्हनून?" त्यांचंही बरोबर होतं. त्यांनी स्वतःच्या हौसेनं मला शिकायला पाठवलं होतं आणि माझ्या बढतीत त्यांची वाटणी होती.

सुनंदा शिकली. सौदीला गेलीच नाही, इकडंच ट्यूटर झाली आणि पुढं नर्सिंग शाळेची प्रिन्सिपल. मी भेटायला गेले की खुर्चीतून उठून उभी राहते आणि मुलींना सांगते, "या माझ्या मावशी." मी म्हणते, बस गं, आता बॅच बघायची की वय? ती हसते. पण तिच्या टेबलावरची तिच्या नावाची पाटी बघितली की माझ्या मनात अजूनही काहीतरी हलतं. खंत आहे. आहे तर आहे. नव्या मुलींनो, माझं उदाहरण घेऊन घरी बसू नका. डिग्री घ्या, ज्या वयात झेपेल त्या वयात घ्या, आणि लवकर झेपली तर फार बरं. मी थांबले ते मला दुसऱ्या खोलीतही जायचं होतं म्हणून.

तेही सांगून टाकते. सुनंदा मुंबईला निघाली त्या दिवशी सकाळी तिला स्टँडवर पोचवून मी क्वार्टरवर आले. तिची गाडी हललेली बघितली होती, मन जड झालं होतं. आत्याबाई अंगणात भांडी घासत होत्या आणि अजून माझ्याशी बोलत नव्हत्या. उमाची शाळेची घाई चालली होती. सुनंदाबरोबर मीही जाईन असंच तिला शेवटपर्यंत वाटलं असणार, कारण माझी चप्पल वाजली तशी आतली खुडबुड थांबली. मग आवाज आला,

"आई, माझी रिबीन कुठंय गं?"

मी दारातच थांबले. आमच्या घरात त्या नावाचं कुणी नव्हतं. आत जावं की नाही, मला कळेना.

मागं भांडी थांबली. इतक्या दिवसांनी आत्याबाई पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

"भायेर कावून उभी हाईस? आत जा की."

मी आत गेले. उमा आरशापुढं पाठमोरी उभी होती, केस मोकळे सोडून. रिबीन तिच्या हातातच होती.